सामाईक मैदान आणि वाफसा

२०२५ च्या जून महिन्यात, मृगाच्या सरी मुंबईवर कोसळू लागल्या असताना, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातील फुटबॉलच्या मैदानावर रग्बी प्रीमियर लीग या नव्या स्पर्धेचे पहिले पर्व खेळले गेले. १५ तारखेस आरंभ झाला, २९ तारखेस अंतिम सामना झाला आणि एवढ्या पंधरवड्यात सहा संघांचे ३४ सामने एकाच हिरवळीवर उरकले. ज्या हिरवळीवर मुंबई सिटी एफसी हा संघ २०१६ पासून आपले घरचे सामने खेळत आला आहे आणि २०२२ च्या आरंभी आशियाई महिला फुटबॉल चषकाच्या काही लढती जिच्यावर झाल्या, तिच्यावर एकमेकांना कमरेत धरून भुईवर लोळविणाऱ्या गड्यांना, आणि तेही ज्या महिन्यात मुंबईवर सरासरीने ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्या महिन्यात, खुशाल उतरू द्यावे की नाही, हा प्रश्न फुटबॉलच्या अभिमान्यांस पडणे स्वाभाविक होते. जगात जेथे जेथे हे दोन खेळ एका जागेवर नांदतात तेथे तेथे हाच प्रश्न पडत आलेला आहे.

फुटबॉलवाल्यांची तक्रार सर्वत्र एकाच मजकुराची असते: रग्बीवाले मैदान नांगरून ठेवतात आणि मग त्यावर चेंडू सरळ घरंगळत नाही. रग्बीवाल्यांची कैफियतही ठरलेली असते: आमच्या लोळण्याने गवत मोडत असेल, परंतु गोलखांबांपुढचे ते टक्कल कोणाच्या बुटांनी पडले? दोन्ही पक्ष प्रत्यक्ष दिसणाऱ्या पुराव्यावर भांडतात. दिसत नाही ते मात्र कोणी दप्तरी दाखल करीत नाही. माझे मत असे आहे की मैदानाचा नाश कोणत्या खेळाने झाला हे विचारण्यापेक्षा तो खेळ कोणत्या घटकेस झाला, त्या घटकेस मातीत पाणी किती होते, आणि त्यानंतर गवतास विसावा किती मिळाला, हे विचारले तर निकाल पुष्कळदा निराळा लागेल. नाशिक जिल्ह्यातल्या आमच्या वणीसारख्या काळ्या मातीच्या गावी हे सांगणे सोपे जाते, कारण येथल्या शेतकऱ्यास वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

मुंबईच्या मैदानांचा शिरस्ता आधी लक्षात घ्यावा. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्या शहरातील बहुतेक मोकळी जागा क्रिकेटच्या वहिवाटीत असते, आणि मग उरलेला पावसाळा फुटबॉल आणि रग्बी या दोघांच्या वाट्यास येतो. ज्या बॉम्बे जिमखान्याची स्थापना १८७५ साली झाली आणि जेथे १९३३ च्या डिसेंबरात हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला क्रिकेट कसोटी सामना खेळला गेला, त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर पाऊसकाळात रग्बी खेळले जाते आणि अखिल भारतीय स्पर्धाही कितीएक वर्षे तेथे भरल्या. थोड्याच अंतरावरच्या कूपरेजवर फुटबॉलची रोव्हर्स चषक स्पर्धा रंगत असे. तिचा आरंभ १८९१ मधला. विशेष असे की ऐन पावसात क्रिकेटही सर्वस्वी थांबत नाही. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग उघड्या, ओल्या खेळपट्ट्यांवर पावसाळ्यातच खेळली जाते आणि तिने घडविलेल्या फलंदाजांचे कौतुक आपण करतो, पण त्या मैदानांच्या मातीची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

हिंदुस्थानातील रग्बीची पहिली कथा कलकत्त्याची आहे आणि तिच्यातही हवामानाचा हात आहे. १८७२ च्या नाताळात तेथे पहिला सामना झाला, पुढल्याच वर्षी क्लब निघाला, आणि अवघ्या चार-पाच वर्षांत तो मोडलाही. पोलो आणि टेनिस यांनी गडी ओढून नेले हे एक कारण, आणि तेथली हवा या खेळास मानवेना हे दुसरे. शिल्लक राहिलेले २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला आणि तो १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेस देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात आजतागायत ज्यासाठी झुंज होते तो कलकत्ता चषक तो हाच. ज्या देशाच्या रुपयांतून रग्बीचा हा मानाचा चषक घडला, त्या देशात या खेळाला पुढे दीर्घ काळ मूठभर जिमखाने आणि लष्करी पलटणी यांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले.

आता दोन खेळांच्या पायांचा तपशील पाहू. फुटबॉलमध्ये झीज ठराविक ठिकाणी साचते: गोलखांबांपुढचा पट्टा, मध्यवर्तुळ, आणि ज्या कडेने साहाय्यक पंच सगळा वेळ मागेपुढे धावतो ती अरुंद वाट, बाकीच्या भागात गवत बहुधा शाबूत असते. रग्बीमध्ये झीज पसरट असते, आणि शिवाय तिच्यात पिळणे, उखडणे आणि घसरणे अधिक असते. पंधरा गड्यांच्या रग्बीत स्क्रम नावाचा जो प्रकार आहे त्यात दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी माना खाली घालून, खांद्यास खांदा अडकवून, समोरासमोर रेटतात. अव्वल दर्जाच्या पुरुष संघांचा भिडण्याच्या क्षणीचा जोर मोजला असता तो सोळा हजार न्यूटनांच्या घरात, म्हणजे सुमारे सोळाशे किलो वजनाइतका, भरलेला आहे. एवढा आडवा रेटा शेवटी कोठून येतो? बुटांच्या तळाशी असलेले खिळे जमिनीत रुतून जो आधार मिळवितात तेथून. गवताच्या मुळांनी माती घट्ट धरून ठेवली असेल तर आधार टिकतो. नसेल तर हिरवळीची आख्खी चकती उचलली जाते आणि सोळा माणसे एकदम तोंडघशी पडतात, ज्यात मानेस इजा होण्याचे भय असते. अंधेरीच्या स्पर्धेतील रग्बी सातजणांचे होते. त्यातल्या स्क्रममध्ये तीन-तीनच गडी असतात आणि सामनाही आखूड असतो, म्हणून तिने केलेली झीज पंधराजणांच्या खेळाशी एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

परंतु उखडलेली चकती हे मैदानाचे मोठे दुखणे नव्हे. ती दिसते, म्हणून सामना संपताच पायाने दाबून परत बसविता येते, आणि आपल्याकडच्या गवताचा स्वभाव असा आहे की ते पुन्हा धरते. आपल्या मैदानांवर पुष्कळदा हरळीच असते, गणपतीला वाहतात ती दूर्वा. शेतकरी तिला तण समजून पिढ्यान्‌पिढ्या खणून काढीत आला आणि ती पिढ्यान्‌पिढ्या उगवत आली. तिची खोडे दोन प्रकारांनी पसरतात, काही जमिनीच्या वरून सरपटत आणि काही जमिनीच्या खालून, आणि पेरापेरास मुळे फुटतात. वरचे सर्व ओरबाडले गेले तरी खालच्या कांड्यांतून नवा कोंब येतो. जगभरच्या उष्ण प्रदेशांतील क्रीडांगणांवर वापरल्या जाणाऱ्या संकरित जाती याच हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक पात्याच्या भगिनीशी संकर करून काढलेल्या आहेत. त्यांतली टिफवे ४१९ ही अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानातल्या टिफ्टन येथे सिद्ध झालेली जात विशेष प्रसिद्ध आहे.

हरळीच्या तीन अटी मात्र आहेत. तिला ऊन हवे, ऊब हवी, आणि मुळांशी हवा हवी. पावसाळ्यात ऊब असते पण आभाळ दिवसेंदिवस झाकोळलेले राहते, त्यामुळे ऐन वाढीच्या दिवसांत तिचा जखम भरून काढण्याचा वेग उतरतो; भोवती उंच प्रेक्षागारे असतील तर त्यांच्या सावलीने तो आणखी मंदावतो. हिवाळ्यात ऊन असते पण आमच्या नाशिक जिल्ह्यात, जेथे निफाडचा पारा दर जानेवारीत वर्तमानपत्रांत झळकतो, थंडीने तिची वाढ जवळजवळ थांबते आणि ती पिवळी होऊन पडून राहते. विलायतेत हाच पेच उलटा बसतो: तेथले रायगवत थंड हवेचे, पण दोन्ही खेळांचा हंगाम हिवाळा, आणि पाच-सहा अंशांच्या खाली तेही वाढत नाही. सारांश, कोणत्याही देशात गवतास आपला सोयीचा काळ खेळाडूंच्या सोयीशी जुळवून मिळालेला नाही.

तिसरी अट मुळांशी हवा असण्याची, आणि खरे प्रकरण येथे सुरू होते. चांगल्या जमिनीचे निम्मे आकारमान कणांचे असते आणि निम्मे पोकळीचे. त्या पोकळीत साधारण अर्धे पाणी आणि अर्धी हवा असावी. हवेचे हे प्रमाण एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांखाली गेले की मुळे गुदमरू लागतात. आता कोरडी माती पायाखाली सहसा दबत नाही, कारण कण एकमेकांस घट्ट अडून बसलेले असतात. पण तीच माती ओली असली की पाणी कणांमध्ये वंगणाचे काम करते, कण सरकून एकमेकांच्या जवळ येतात आणि पोकळी मिटते. माती पुरती डबडबलेली असली तर पाणी दाबले जात नाही, म्हणून तेथे दाबण्याऐवजी कालवण्याची क्रिया होते: कणांची रचनाच मोडते, बारीक कण वर येऊन छिद्रे बुजवितात आणि चिकट थर बनतो. इगतपुरीकडे भाताची खाचरे लावण्यापूर्वी शेतकरी चिखलणी करतात ती हेच घडावे म्हणून, खाचरातले पाणी खाली मुरू नये म्हणून. भर पावसात सामना खेळणारे तीस गडी मैदानाची चिखलणीच करीत असतात. फरक इतकाच की येथे पाणी मुरायला हवे होते.

हा दाब किती असतो याचा एक कच्चा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर किलो वजनाचा रग्बी खेळाडू एका पायावर उभा आहे, त्याच्या बुटाला सहा खिळे आहेत आणि प्रत्येकाचे टोक एक चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर प्रत्येक खिळ्याखाली दर चौरस सेंटिमीटरला सोळा किलोहून अधिक भार येतो, आणि तो धावू किंवा उडी घेऊ लागला म्हणजे याच्या कितीतरी पट. द्राक्षबागेत ज्या ट्रॅक्टरच्या चाकांनी ओळींमधली माती कडक झाली म्हणून दिंडोरी तालुक्यातला बागाईतदार हळहळतो, त्याच्या टायरखालचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दीड किलोच्या आसपास असतो. अर्थात ट्रॅक्टरचा भार खोल जातो आणि खिळ्याचा वरच्या चार-पाच सेंटिमीटरांतच संपतो, ही गोष्ट विसरता कामा नये. परंतु गवताची बहुतेक मुळे आणि पाण्याचा प्रवेश या दोन्ही गोष्टी त्या चार-पाच सेंटिमीटरांवरच अवलंबून आहेत. एकदा तेथे चिकट थराचे छप्पर बसले की मैदान वरून हिरवे दिसत असतानाच खाली मरू लागते. पाणी साचते, साचलेल्या पाण्यावर पुढचा सामना होतो, त्याने छप्पर अधिक जाड होते, आणि हे चक्र चालू राहते. फुटबॉलवाला या चक्राच्या शेवटच्या टप्प्यावर मैदानात येतो आणि आपल्या आधी खेळून गेलेल्या रग्बीवाल्याच्या नावाने बोटे मोडतो.

वाफसा ही यातली किल्ली आहे. पाऊस उघडल्यावर जास्तीचे पाणी खाली निघून जाऊन माती हाताला चिकटेनाशी होते, तरी कोरडी पडलेली नसते, अशा अवस्थेत मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडला तर तो फुटतो; औताला जमीन याच वेळी घेतात. मैदानासही हीच कसोटी लावावी. वाळूच्या थरावर बांधलेल्या मैदानास वाफसा काही तासांत येतो. मुंबईच्या मुरलेल्या मैदानांना एखादा उघडा दिवस लागतो. आमच्या काळ्या जमिनीला, मध्ये सर न येता, तीन-चार दिवस लागले तर नवल नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झालेल्या या मातीत ज्या जातीची चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते; म्हणून वैशाखात तिला बोट जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढात ती पायास चिकटून येते. भेगांत घोटा मुरगळतो, चिखलात गुडघा. खेळाच्या दृष्टीने याहून अवघड माती सापडणे कठीण, आणि कापूस, ज्वारी, द्राक्षे यांच्या दृष्टीने याहून उदार माती सापडणेही कठीण.

दोन खेळांच्या सहवासात आणखी एक कलह आहे, तो गवताच्या उंचीचा. फुटबॉलला गवत अडीच-तीन सेंटिमीटरांवर कापलेले हवे, म्हणजे चेंडू अडखळत नाही; रग्बीला चार-पाच सेंटिमीटर उंची आवडते, कारण त्या खेळात माणूस वारंवार पडतो आणि पडणाऱ्याखाली गादी असावी. एका वेळच्या कापणीत पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये असा माळ्यांचा जुना नियम आहे, कारण त्याहून अधिक कापल्यास गवत मुळे वाढविणे सोडून पाने भरून काढण्यामागे लागते. पाच सेंटिमीटरांवरून अडीचवर यायचे तर किमान दोन कापण्या आणि मध्ये काही दिवसांचे अंतर लागते. म्हणून शनिवारी रग्बी आणि रविवारी फुटबॉल असे वेळापत्रक आखणाऱ्याने माळ्याला एका रात्रीत दोन परस्परविरोधी फर्माने दिलेली असतात. साडेतीन सेंटिमीटर हा मधला आकडा दोघांनी मान्य करणे हाच शहाणपणा. आखणीच्या रेषांचा प्रश्न त्या मानाने किरकोळ आहे: दोन्ही खेळांच्या रेषा निराळ्या रंगांत माराव्या, आणि त्या मारताना चुन्याची फक्की तेवढी वापरू नये, कारण ओला चुना खरचटलेल्या कातडीस भाजतो, आणि रग्बीत खरचटत नाही असा गडी नसतो.

जागेचे मापही दोघांना सारखे पुरत नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉलला १०५ मीटर लांबी आणि ६८ मीटर रुंदी सोयीची. रग्बीला दोन गोलरेषांमध्ये १०० मीटर आणि रुंदी ७० पर्यंत, शिवाय दोन्ही टोकांस पुढे आणखी किमान सहा-सहा मीटरांची पट्टी, जेथे चेंडू टेकवून गुण मिळतात. त्यामुळे रग्बीचे खांब काढता-घालता येतील अशा नळकांड्यांत बसविणे आणि त्यांच्या बुंध्यांस गादी गुंडाळणे ही तजवीज सामाईक मैदानावर अपरिहार्य ठरते.

विलायतेत असे संसार पुष्कळ झाले. लंडनच्या लॉफ्टस रोडवर वास्प्स हा रग्बी संघ १९९६ ते २००२ फुटबॉलच्या शेजारी राहिला. रेडिंगच्या फुटबॉल मैदानावर लंडन आयरिश संघाने २००० ते २०२० अशी वीस वर्षे काढली. स्वान्झीचे नवे मैदान तर २००५ साली उघडले तेच दोन्ही खेळांच्या संघांसाठी. यापैकी प्रत्येक ठिकाणी प्रेक्षकांनी कुरकुर केली असेल, पण वीस वर्षांचा संसार नुसत्या कुरकुरीवर होत नाही. त्यामागे वाळूच्या थरांची बांधणी, जमिनीखालच्या नळ्या आणि विणलेली हिरवळ यांचा आधार आहे. या विणलेल्या हिरवळीत, जिचा अवलंब हडर्सफील्डच्या फुटबॉल आणि रग्बी दोन्ही खेळांच्या मैदानाने १९९० च्या दशकातच केला होता, दर दोन सेंटिमीटरांवर एक कृत्रिम धागा वीस सेंटिमीटर खोल शिवला जातो. पृष्ठभागात त्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के, पण खऱ्या गवताची मुळे त्यांना विळखा घालून बसतात आणि स्क्रमच्या रेट्यात चकती सुटत नाही. साध्या मातीवरचे गवत आठवड्याला पाच-सहा तासांपलीकडे खेळ सोसत नाही. ही बांधणी त्याच्या तिप्पट सोसते असा अनुभव आहे.

मग सगळेच कृत्रिम का नको, असे विचारणारे आहेत, आणि कूपरेजवर तशी हिरवळ आहेही. परंतु फुटबॉलला पुरेशी असलेली कृत्रिम हिरवळ रग्बीला आपोआप पुरत नाही. जागतिक रग्बी संघटनेच्या नियमाप्रमाणे असा पृष्ठभाग १.३ मीटर उंचीवरून डोके आपटले तरी ठराविक मर्यादेपलीकडे आघात होऊ न देणारा असावा लागतो, म्हणून त्याचे धागे लांब आणि खालची गादी जाड लागते. फुटबॉलच्या कसोटीत ही अट नाही. शिवाय आमच्याकडच्या उन्हात असले पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत तापतात, आणि आठ-दहा वर्षांनी सगळे उचलून नवे घालावे लागते. तालुक्याच्या गावाने हा खर्च अंगावर घ्यावा असे मला वाटत नाही.

वणीचा विचार करताना म्हणूनच मी अंधेरीपेक्षा गावाच्या शाळेच्या मैदानापासून आरंभ करतो. आपल्या राज्याच्या शालेय क्रीडास्पर्धांत रग्बीने प्रवेश केला आहे, आणि ज्या शाळांत फुटबॉलचा एकच चौकोन कसाबसा राखला आहे तेथेच हा नवा पाहुणा उतरणार. त्या चौकोनावर आधीच कबड्डी, खो-खो, कवायत, २६ जानेवारीचे संचलन, सभा आणि लग्नांचे मांडव यांचा हक्क चालत आलेला असतो. सप्तशृंग गडाच्या यात्रेत मोकळी जागा दिसली की तेथे वाहने उभी राहतात. अशा जमिनीवर रग्बीने फुटबॉलचे काय बिघडविले याचा पंचनामा करणे म्हणजे आटलेल्या विहिरीतल्या शेवटच्या घागरीस जाब विचारणे होय.

आमच्याकडे मैदानावर रोलर फिरविण्याचीही एक अनाठायी आवड आहे. क्रिकेटच्या खेळपट्टीला रोलर अमृत असेल. फुटबॉल आणि रग्बी यांच्या जमिनीला तो बहुधा विष ठरतो, कारण जे छप्पर फोडायचे तेच तो घट्ट करतो. येथे लागते ते याच्या नेमके उलटे अवजार: काटेरी दातांचे, किंवा तेही नसेल तर साधी पहार, जिने वीतभर अंतरावर दहा-पंधरा सेंटिमीटर खोल भोके पाडून हवा-पाण्याला वाट करून द्यावी. भोकांत जाड वाळू भरली तर ती वाट उघडी राहते. थोडीशी वाळू वरवर पसरून काळ्या मातीत कालवणे मात्र टाळावे. त्याने माती सैल होण्याऐवजी विटेसारखी होते, आणि हा प्रयोग करून पस्तावलेल्या संस्था कमी नाहीत. मैदानाच्या कडेला उतार आणि चर असणे या सर्वांपूर्वीचे. पाण्याला जायला जागा नसेल तर पहार काय करील?

जमीन कठीण किती झाली हे मोजण्याचे एक उपकरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील बेडन क्लेग यांनी १९७० च्या दशकात काढले. सव्वादोन किलोचा ठोकळा ४५ सेंटिमीटरांवरून नळीतून सोडायचा आणि तो आपटताना किती झटक्याने थांबतो ते पाहायचे, इतकी त्याची सोपी रचना. ते नसले तरी लांब पेचकस हाताच्या जोरावर मातीत वीतभर शिरतो की दोन बोटांवर अडतो, यावरून खेळण्यापूर्वीचा कौल घेता येतो. चैत्र-वैशाखात तो दोन बोटांवर अडला, तर त्या दिवशी मुलांना पाडापाडीचे रग्बी खेळवू नये. कमरेच्या पट्टीतली चिंधी ओढून गडी थोपविण्याचा जो सौम्य प्रकार आहे तो खेळवावा. फुटबॉल चालेल, पण तेथेही पडणाऱ्याचे कोपर सुटणार नाही.

उन्हाळ्यात मैदान हिरवे ठेवण्याचा हट्ट मी धरणार नाही. पाच मिलिमीटर पाणी रोज उडून जाते असे धरले तरी सात हजार चौरस मीटरच्या मैदानास दिवसाला पस्तीस हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी टँकर साडेतीन. ओझरखेडच्या धरणाकडे द्राक्षबागा आणि पिण्याचे पाणी डोळे लावून बसलेले असताना ही मागणी करण्यास तोंड उघडत नाही. हरळीला ते लागतही नाही. ती पिवळी पडते, मरत नाही. खालच्या कांड्या वळीवाची वाट पाहत राहतात. त्या काळात तिच्यावर मोटारी मात्र उभ्या करू देऊ नये.

खरी अडचण अधिकाराची आहे. विलायतेत सामन्यापूर्वी पंच मैदानाची पाहणी करतो आणि ते खेळण्यास योग्य नाही असे म्हणू शकतो. तेथील माळ्याच्या शब्दास वजन असते. आमच्याकडे पाहुणे आले, मांडव उभा राहिला, बक्षिसे आणली, की जमीन कितीही ओली असो, सामना होतोच, आणि माळी, असलाच तर, हातात घमेले घेऊन कडेला उभा असतो. त्याला एक साधी वही द्यावी: कोणत्या दिवशी कोणत्या संघाने किती तास खेळले, पाऊस केव्हा पडला, वाफसा होता की नव्हता. आठवड्याचे सहा तास भरले की पुढचा दाखला बंद, आणि वाफसा नसेल तर दोन्ही खेळांना सारखीच मनाई, असा शिरस्ता पडला तर फुटबॉल आणि रग्बी यांच्या भांडणातला बराचसा मुद्दा आपोआप निकालात निघेल. कारण मग मैदान कोणी बिघडविले याची नोंद तारीखवार राहील, आणि मला दाट शंका आहे की त्या नोंदीत दोघांपेक्षा ओल्या दिवसाचेच नाव वरचेवर येईल.

डागडुजीचा मुहूर्त आमच्याकडे एकच आहे. भाद्रपद सरताना पाऊस मागे हटतो, ऊन पडते, ऊब असते, आणि काळी माती वर्षातून क्वचित येते तशी सलग काही दिवस वाफशावर राहते. पहारीने भोके पाडणे, वाळू भरणे, टक्कल पडलेल्या जागी हरळीच्या कांड्या रोवणे हे सर्व याच पंधरा-वीस दिवसांत व्हायला हवे, म्हणजे थंडी पडण्यापूर्वी मुळे धरतात. दुर्दैवाने शालेय स्पर्धांचीही तीच गर्दी, गडावर नवरात्र आणि कोजागिरीच्या यात्रेचीही तीच, आणि द्राक्षबागांत ऑक्टोबरची छाटणी सुरू होऊन गावात मजूर मिळेनासा होतो तोही याच वेळी. तेव्हा मैदानाच्या कामाची माणसे श्रावणातच विसार देऊन बांधून ठेवावी लागतात, आणि त्या पंधरवड्याचे पान वहीत आधीच कोरे राखून दोन्ही संघांच्या सही-शिक्क्यानिशी बंद करावे लागते.